दख्खनच्या शिवारातील हिवाळी शिकार : खोकड, काळवीट आणि पिकाचा धनी

शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे घनदाट अरण्य उभे राहते. मराठीतील शिकारकथांनीही वाघ, मचाण आणि साग-बांबूचे रान यांनाच प्राधान्य दिले. परंतु पुण्याच्या पूर्वेस दौंड-बारामतीपासून कर्जत, करमाळा आणि सोलापूरपर्यंत जो अवर्षणप्रवण पट्टा पसरलेला आहे, तेथे शतकानुशतके जी शिकार झाली ती अरण्यात झालीच नाही. ती माळरानावर आणि माळाला लागून असलेल्या रब्बीच्या शेतांत झाली आणि बहुतांशी हिवाळ्यात झाली. शाळू पोटरीला येण्याचे, हरभऱ्याला घाटे धरण्याचे दिवस आणि काळविटांच्या, चिंकाऱ्यांच्या, कोल्ह्या-खोकडांच्या शिकारीचे दिवस हे एकच होते. हा योगायोग नव्हता.

या शिकारीचा इतिहास सामान्यतः शिकाऱ्याच्या बाजूने लिहिला गेला आणि तिच्या बंदीचा इतिहास प्राण्याच्या बाजूने. ज्याच्या जमिनीवर हे सारे घडले आणि ज्याच्या पिकावर हे प्राणी पोसले गेले, तो शेतकरी दोन्ही इतिहासांत क्वचितच दृष्टीस पडतो. कायद्याच्या भाषेतून तो केव्हा व कसा बाहेर पडला, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

नावांचा घोळ

विषयात शिरण्यापूर्वी नावांविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे. इसापनीतीच्या भाषांतरकारांनी युरोपातील 'फॉक्स'ला मराठीत 'कोल्हा' केले आणि तेव्हापासून द्राक्षे आंबट म्हणणारा प्राणी कोल्हाच ठरला. वास्तविक कोल्हा हा आकाराने मोठा, लांडग्या-कुत्र्यांच्या कुळाला जवळचा प्राणी. 'फॉक्स'चा खरा भाऊबंद म्हणजे खोकड. झुपकेदार, टोकाला काळ्या असलेल्या शेपटीचे हे लहानसे जनावर माळावर बीळ करून राहते. ग्रामीण बोलीने हा भेद कधी सोडला नाही. 'कोल्हा काकडीला राजी' या म्हणीत खोकड आलेले नाही, कारण वाडीत शिरून काकडी, कलिंगड, मका आणि ऊस खाणारा तो कोल्हाच.

खोकड या शब्दाने तर एकदा शास्त्रीय परिभाषेतही प्रवेश मिळवला होता. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ साली दख्खनच्या सस्तन प्राण्यांची जी सूची प्रसिद्ध केली, तीत या प्राण्याला त्यांनी 'कॅनिस कोक्री' असे नाव दिले. पुढे अग्रक्रमाच्या नियमानुसार जुने 'बेंगालेन्सिस' हेच नाव मान्य झाले आणि आपल्या माळावरचा प्राणी शास्त्राच्या दप्तरी बंगालचा ठरला.

'हरिण' या शब्दाचीही तीच गत आहे. दरवर्षी शिंगे गाळणारे चितळ-सांबर आणि आयुष्यभर तीच शिंगे वागवणारे काळवीट-चिंकारा ही दोन वेगळी कुळे होत. दख्खनच्या उघड्या शिवारात ज्यांना आपण हरणे म्हणतो ती दुसऱ्या कुळातील, म्हणजे कुरंगवर्गातील आहेत.

थंडीचा संबंध

युरोपात हिवाळी शिकारीला गोठणबिंदूखालच्या थंडीची मर्यादा पडते. जमीन गोठून दगडासारखी झाली की घोड्यांचे पाय आणि कुत्र्यांचे पंजे जायबंदी होतात, म्हणून इंग्लंडात कडक हिमतुषार पडले की त्या दिवशीची कोल्हेशिकार रद्द होत असे. आपल्याकडे थंडी ही अडचण नव्हती. शिकार होऊ शकत होती ती थंडीमुळेच. पुण्यात आजवर नोंदलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस आहे. ते १७ जानेवारी १९३५ रोजी नोंदले गेले. पारा शून्याखाली जाण्याचे प्रसंग दख्खनच्या पठारावर जवळजवळ नाहीतच. तथापि मोकळ्या शिवारातली पहाट शहरापेक्षा पुष्कळच गार असते आणि पानापानावर दहिवर साचलेले असते.

या दहिवराला शिकारीत फार महत्त्व होते. माग काढणाऱ्या कुत्र्याला जनावराचा वास लागतो तो जमिनीलगतच्या ओलाव्यामुळे. जमीन वाळली आणि तापली की वास वर उठून विरतो. दख्खनमध्ये सूर्य वर आल्यानंतर तास-दोन तासांतच हे घडते. त्यामुळे कुत्र्यांच्या शिकारीसाठी वर्षातले हिवाळ्याचे महिने आणि दिवसातला पहाटेचा प्रहर, एवढाच काळ उरत असे. पावसाळ्यात काळ्या जमिनीचा चिखल घोड्याला पाय टाकू देत नाही आणि उन्हाळ्यात तीच जमीन हात-हात खोल भेगाळते.

सापळा लावणाऱ्यासाठी कारणे निराळी होती. दाणे आणि घाटे भरू लागले की काळविटांचे कळप माळावरून पिकात उतरतात. त्यांच्या जाण्यायेण्याच्या वाटा ठरून जातात. मांस थंडीत अधिक टिकते, हेही कारण होतेच. सदाशिव पेठेतून जानेवारीत हुरड्याला जाणाऱ्या मंडळींना या ऋतूची गोडी ठाऊक असते. ज्या शाळूचा हुरडा आपण खातो त्याच्या राखणीसाठी बांधावरच्या माळ्यावर गोफण घेऊन कोणीतरी रात्र काढलेली असते, एवढे मात्र सहसा आपल्या लक्षात येत नाही.

तीन प्रकारचे शिकारी

या शिवारात शिकार करणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग दिसतात : भटक्या जमाती, दरबार आणि छावणी.

यांपैकी पहिल्या वर्गाचा अभ्यास सर्वांत उद्बोधक आहे. माधव गाडगीळ आणि कैलाशचंद्र मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्राच्या निमओसाड भागातील भटक्या शिकारी गटांविषयी केलेले संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. एकाच प्रदेशात फिरणाऱ्या तीन गटांनी आपापली शिकार आणि साधने कशी वेगळी ठेवली होती, हे त्यांनी दाखवून दिले. तिरमल नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर आणि घोरपड यांच्या मागे जात. वैदू पिंजरे-सापळ्यांनी मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसाहारी प्राणी आणि पाण्यातील खेकडे-कासवे धरीत. तर फासेपारधी फासे लावून काळवीट, मोर, तित्तिर पकडीत. एकाच शिवारात तिघे, पण एकाचे ताट दुसऱ्याच्या ताटात नाही. ज्या शिकाऱ्याला पुढल्या वर्षी त्याच वाटेने परत यायचे आहे, त्याने एखाद्या प्राण्याचा समूळ नाश करण्यात त्याचे हित नसते, असा या मांडणीचा आशय आहे. हा निष्कर्ष थोडा अधिक सुबक वाटतो. प्राणी टिकले ते जमातींच्या संयमामुळे की माळ विस्तीर्ण आणि माणसे विरळ असल्यामुळे, हा प्रश्न शिल्लक राहतो. परंतु शिकारीच्या विभागणीचे त्यांनी केलेले वर्णन मोलाचे आहे यात शंका नाही.

फासेपारध्याची पद्धत शेतीच्या जगातूनच आलेली होती. शिकवलेल्या गाईच्या आडून तो कळपाच्या जवळ सरके. चरणाऱ्या गुरांना हरणे बुजत नाहीत, कारण तीच गुरे त्यांना रोज दिसतात. दरबारी शिकारीतही हेच तत्त्व होते. चित्त्याला डोळ्यांवर टोपी चढवून बैलगाडीत बसवीत आणि गाडी हळूहळू कळपाजवळ नेत. शेतकऱ्याच्या रोजच्या गाडीला काळवीट भीत नसे, आणि त्या विश्वासाचाच येथे फायदा घेतला जाई. विसाव्या शतकात कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी तर देशी चित्ते दुर्मीळ झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवून हा षौक चालू ठेवला. भारतातील चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये घोषित झाले. सप्टेंबर २०२२ पासून मध्य प्रदेशातील कुनो येथे आफ्रिकेतून आणलेले चित्ते सोडण्यात आले, हे सर्वज्ञात आहे.

राजांच्या मृगयेला दख्खनमध्ये मोठी ग्रंथपरंपराही आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मृगयेचा स्वतंत्र विचार केलेला आढळतो. पेशवाईत पर्वतीच्या पायथ्याशी, म्हणजे सदाशिव पेठेपासून हाकेच्या अंतरावर, सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने तेथील गेंड्याचे १७९० मध्ये काढलेले चित्र आज उपलब्ध आहे. शिवारातला प्राणी शहरात आला की तो करमणुकीचा विषय होतो. त्याने कोणाचे पीक खाल्ले, हा प्रश्न वेशीबाहेरच राहतो.

छावणीच्या शिकारीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. पुणे व खडकी येथील इंग्रज अधिकाऱ्यांनी 'पूना अँड किरकी हाउंड्स' या नावाने कुत्र्यांचा ताफा बाळगला होता. इंग्लंडातल्या तांबड्या कोल्ह्याची उणीव ते आपल्या कोल्ह्यावर भागवीत. मुंबई आणि उटकमंड येथेही असेच ताफे होते. खोकड मात्र या खेळाला फारसे उपयोगी पडत नसे, कारण त्याचा वास मंद. त्याच्यामागे ग्रेहाउंडसारखी डोळ्यांनी पाठलाग करणारी कुत्री सोडीत आणि ते क्षणाक्षणाला दिशा बदलून त्यांना हुलकावण्या देई. जर्डन यांच्या १८६७ च्या सस्तन प्राण्यांवरील ग्रंथात याचा उल्लेख आहे.

कायद्यातील एक शब्द

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. पीक खाणाऱ्या प्राण्याला शेतकऱ्याने मारले तर कायदा त्याच्याकडे कसा पाहत होता?

१९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण अधिनियमाने विशिष्ट प्राण्यांसाठी शिकारबंदीचा काळ ठरवण्याची तरतूद केली. त्या कायद्यात एक अपवाद होता : स्वतःच्या वा इतरांच्या बचावासाठी, तसेच मालमत्तेच्या प्रामाणिक संरक्षणासाठी प्राणी मारल्यास कायदा लागू होत नसे. हा कायदा वसाहतकालीन होता, शिकारी साहेबांच्या सोयीचा होता, हे खरेच. तथापि या अपवादातील 'मालमत्ता' या एका शब्दामुळे हरभऱ्यात शिरलेले काळवीट हाकलताना ते मेले तरी शेतकरी गुन्हेगार ठरत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य प्राणी व वन्य पक्षी संरक्षणाचा स्वतःचा कायदा केला. त्यानंतर संपूर्ण चित्र बदलणारा वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला. युद्धोत्तर काळात जीपगाडी, प्रखर दिवे आणि आधुनिक बंदुका यांच्या साहाय्याने रात्रीच्या रात्री चालणाऱ्या शिकारीने माळावरचे कळप झपाट्याने संपत चालले होते. या कायद्याची गरज कोणी नाकारू शकत नाही. हा कायदा झाला नसता तर सोलापूर-कर्जतच्या शिवारात आज काळवीट दिसले असते की नाही, याची शंकाच आहे. प्रारंभी या कायद्यातही परवान्यावर शिकारीची सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली.

परंतु कलम ११ ची रचना बारकाईने पाहावी. सद्हेतूने केलेल्या बचावाचा अपवाद तेथेही आहे, पण तो केवळ स्वतःच्या किंवा इतर व्यक्तीच्या बचावापुरता. 'मालमत्ता' हा शब्द त्या वाक्यातून गेला आहे. तो त्याच कलमात अन्यत्र, उभ्या पिकांच्या स्पष्ट उल्लेखासह आढळतो खरा, पण तेथे तो शेतकऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, तर अधिकाऱ्याने द्यावयाच्या लेखी परवानगीचे कारण म्हणून. आणि ही परवानगीही अनुसूची एकमधील प्राण्यांसाठी मिळत नाही; त्यांच्या बाबतीत पिकाचे नुकसान हे कारणच ग्राह्य धरले जात नाही. काळवीट आणि चिंकारा हे दोन्ही अनुसूची एकमध्ये आहेत. २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली, तरी या स्थितीत फरक पडलेला नाही.

महाराष्ट्र शासनाने रानडुक्कर आणि नीलगाय यांच्याबाबत २०१५ मध्ये परवानगीची प्रक्रिया काहीशी सुलभ केली. काळविटाच्या बाबतीत तसे काही होणे कायद्याच्या चौकटीत शक्यच नाही. गंमत अशी की, १९५९ चा शस्त्र अधिनियम पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगण्याचा परवाना आजही मान्य करतो. म्हणजे एक कायदा शेतकऱ्याच्या हाती बंदूक देतो आणि दुसरा तिच्यासमोर उभ्या असलेल्या प्राण्यावर ती चालवण्यास मनाई करतो. हवेत बार काढण्यापुरती ती उपयोगी पडते.

पारध्याच्या वाट्याला याहून कठोर गोष्ट आली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या परंपरेने त्याला जन्मतः गुन्हेगार ठरवले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या, आणि अवघ्या वीस वर्षांत त्याचा परंपरागत व्यवसायच गुन्हा ठरला. हौसेखातर काळवीट मारणारा धनिक, पोटासाठी फासा लावणारा पारधी आणि पीक वाचवणारा शेतकरी या तिघांच्या हेतूंमध्ये कायद्याला फरक दिसत नाही. न्यायालयापर्यंत पोचल्यावर मात्र तिघांच्या ऐपतीतला फरक स्पष्ट दिसतो.

भरपाई कोणी करावी

माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये, रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० मध्ये आणि बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये अस्तित्वात आले. रेहेकुरीचे क्षेत्र सुमारे २.१७ चौरस किलोमीटर, मयूरेश्वरचे सुमारे ५.१४ चौरस किलोमीटर. एवढ्या जागेत काळविटांचे कळप वर्षभर पोट भरू शकत नाहीत हे उघड आहे. अभयारण्य हा त्यांचा विसावा आणि आसपासची शेते ही त्यांची चराऊ कुरणे, असाच व्यवहार चालतो. म्हणजे महाराष्ट्रातील काळवीट टिकवण्याच्या खर्चाचा मोठा भाग कर्जत किंवा उत्तर सोलापूर तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आपल्या शाळूतून आणि हरभऱ्यातून देतो. शासनाची नुकसानभरपाईची योजना आहे. पण तीसाठी अर्ज, पंचनामा, मोजमाप आणि मंजुरी हे टप्पे ओलांडावे लागतात. कळप रात्री येऊन कोवळे शेंडे खुडून जातो. किती खाल्ले आणि किती तुडवले, हे कागदावर सिद्ध करणे सोपे नसते.

या संदर्भात जर्मनीचे उदाहरण तपासण्याजोगे आहे. १८४८ च्या क्रांतीने तेथील सरदारांचा दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा हक्क संपुष्टात आणला आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला. ७५ हेक्टरांपेक्षा कमी जमीन असणाऱ्या शेतकऱ्यांचा मिळून एक संघ होतो; तो शिकारीचा हक्क भाडेपट्ट्याने देतो आणि प्राण्यांनी केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई सामान्यतः पट्टेदार शिकाऱ्याला करावी लागते. कडाक्याच्या थंडीत, बर्फाने चारा झाकला गेला असता, प्राण्यांची उपासमार होऊ न देणे हाही तेथे शिकाऱ्याच्या जबाबदारीचा भाग आहे. ही पद्धत येथे जशीच्या तशी आणावी, असे सुचवण्याचा हेतू नाही. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, माणसे दाट आणि काळवीट थोडे. शिकार पुन्हा खुली केली तर तिचा लाभ पुन्हा जीपवाल्यालाच होईल. घेण्याजोगे आहे ते त्यामागचे तत्त्व : प्राण्यापासून ज्याला लाभ होतो त्याने त्याचा खर्च उचलावा. जर्मनीत तो लाभधारक शिकारी आहे. आपल्याकडे शिकारी नाही. लाभधारक आहोत ते तुम्ही-आम्ही, शहरात राहून काळविटाच्या अस्तित्वाचे समाधान मानणारे नागरिक. तेव्हा भरपाई ही अनुग्रह म्हणून नव्हे, तर देणे म्हणून आणि हंगाम संपण्यापूर्वी पोचली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या व्यवहारात पारध्यालाही स्थान देता येईल. कळपाच्या वाटा, त्याची बुजण्याची रीत, वाऱ्याची दिशा यांचे ज्ञान त्याच्याइतके दुसऱ्या कोणाकडे नाही. काही ठिकाणी जमीनमालक पारधी कुटुंबांना पिकाच्या राखणीसाठी ठेवतातच. पण ते खाजगी, तुटपुंज्या मोबदल्याचे आणि गावाच्या संशयाखालचे काम असते. अभयारण्यालगतच्या गावांत हीच राखण वनखात्याच्या वेतनावर, ओळखपत्रासह झाली, तर जनावर न मारता पीक वाचवण्याचा एक मार्ग निघू शकतो.

खोकडाचा प्रश्न याहून निराळा आहे. उंदीर, टोळ, किडे, खेकडे आणि बोरे हे त्याचे खाणे. पिकाला त्याचा उपद्रव नाही, झालाच तर उपकार आहे. त्यामुळे त्याच्यासाठी पंचनामा होत नाही आणि तक्रारही येत नाही. हिवाळ्यात त्याची जोडी जमते आणि साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बिळात पिल्ले होतात. नेमक्या याच काळात रब्बी निघून जमीन मोकळी होते आणि माळ सपाट करणारी यंत्रे कामाला लागतात. पाणी पोचलेल्या माळावर ऊस उभा राहिला की त्यात कोल्ह्याला आसरा मिळतो. खोकडाला मिळत नाही, कारण त्याला उघडा माळ आणि कोरडे बीळ लागते. रेहेकुरी-मयूरेश्वरच्या कुंपणाबाहेर असा माळ महसुली दप्तरात पुष्कळदा 'पडीक' या सदराखाली नोंदलेला असतो. आणि पडीक जमीन एखाद्या प्रकल्पाला देताना तेथे कोणाचे बीळ आहे, याची चौकशी करण्याची तरतूद त्या दप्तरात नाही.